पाणी आलं तेव्हा

शाळेच्या फॉर्मवर जन्मतारीख लिहायची होती म्हणून मी आजोबांना विचारायला गेले, तर म्हणाले, "पौष वद्य पंचमी, उत्तरा नक्षत्र." आता हे शाळेच्या कारकुनाला काय सांगायचं? आईला विचारलं, तर तिलाही तारीख पटकन आठवेना. संक्रांत होऊन गेली होती आणि थंडी फार होती, एवढंच तिने सांगितलं. शेवटी बाबा रात्री ऑफिसातून आले तेव्हा तारीख मिळाली. आमच्या घरात हे असंच चालायचं.

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. आजी गेल्यावर ते कोकणातून आमच्याकडे विरारला राहायला आले. येताना एक वळकटी, तांब्याची पळी-पंचपात्री आणि जुन्या पंचांगांचा गठ्ठा आणला. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतली खोली आजोबांची झाली आणि आम्ही चौघं, आई, बाबा, मी आणि धाकटी बहीण, बाहेरच्या खोलीत पसरलो. मी तेव्हा आठवीत होते, धाकटी तिसरीत. नव्वदच्या दशकातलं विरार. चहूकडे बिल्डिंगा उठत होत्या, आणि त्यांत राहायला येणारी माणसं गावाहून सगळं सामान घेऊन आली होती, फक्त 'हे कधी करू' असं विचारायचं माणूस मागे राहिलं होतं. ती जागा आजोबांनी भरून काढली.

बारसं, साखरपुडा, स्कूटर घरी आणायची वेळ, सगळ्याला लोक यायचे. एक कंत्राटदार तर स्लॅब कधी टाकू म्हणून विचारायला यायचा. आजोबा घ्यायचे काही नाही, पण सांगितलेल्या वेळेत एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर खपायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी वास्तुशांतीला दूध उतू घालवायचं म्हणून गॅस पेटवला, तर ह्यांनी तो बंद करायला लावला. राहूकाळ संपायचा होता. ती सगळी माणसं पाहुण्यांसकट आपल्याच नव्या घराबाहेर जिन्यात बसून राहिली. एक पाहुणे वैतागून म्हणाले, "आजोबा, पाच मिनिटांनी काय होणार आहे?" आजोबा शांतपणे म्हणाले, "पाच मिनिटांनी तुमची गाडी चुकते ना?" ह्यावर विरारचा माणूस काय बोलणार. बसले बिचारे.

मला पंचांग बघायला त्यांनीच शिकवलं. म्हणजे मी शिकायला गेले नव्हते, त्यांनी धरून बसवलं. तारीख रात्री बाराला बदलते, तिथी मात्र दिवसा, रात्री, जेवताना, केव्हाही बदलते, हे मला काही केल्या पटेना. ते म्हणायचे, "तारीख म्हणजे नोकरदार. काम झालेलं असो नसो, वाजले की उठला. तिथी म्हणजे घरातली बाई. तिचं काम संपेल तेव्हा ती उठते." कधी एखादी तिथी इतकी लांबते की दोन सूर्योदय बघते. कधी एखादी दोन सूर्योदयांच्या मधेच येऊन निघून जाते, तिला कॅलेंडरात दिवसच मिळत नाही. तिला क्षय तिथी म्हणतात. मला त्या तिथीची फार कीव यायची. त्या दिवशी जन्मलेल्या माणसाने काय करायचं, असं मी विचारलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "काही नाही. जगायचं." आणि पान उलटलं.

दर महिन्यात पाच-एक दिवसांवर ते पेन्सिलीने बारीक रेघ मारत. ते पंचक. धनिष्ठा नक्षत्र अर्धं सरलं की सुरू होतं आणि रेवती संपेपर्यंत राहतं. त्या दिवसांत लाकूडफाटा आणायचा नाही, खाट विणायची नाही, घरावर छप्पर घालायचं नाही. म्हणून तर तो कंत्राटदार यायचा. आणि त्या दिवसांत मरायचं नाही. पंचकात माणूस गेलं तर ते एकटं जात नाही, त्याच्यामागून घरातले पाच जातात, असं मानतात. त्यावर तोडगे आहेत. पिठाच्या पाच बाहुल्या करून प्रेताबरोबर जाळतात, पंचकाची शांत करतात, आणि घर बंद करतात. कुलूप लावून सहा महिने दुसरीकडे राहायचं. गावाकडे जमून जातं, चुलत्याचं घर असतं, काही नाही तर शेतातला मांगर असतो. फ्लॅटमधल्या माणसाने कुठे जायचं? आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एका घरी असं झालं होतं. ती माणसं सहा महिने ह्या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे सामान हलवत फिरली. मुलाचं दहावीचं वर्ष बुडालं, घरातली सून माहेरी गेली ती परत आलीच नाही. त्या बंद दारासमोरून जाताना आम्ही पोरं धावत सुटायचो.

आजोबांना त्या घराचं फार वाईट वाटलं होतं. पण थट्टा करायची खोड काही जाईना. रेघ मारून झाली की आईला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मी नीट बघूनच जाईन हो. तुम्हांला रस्त्यावर आणायचा नाही." आई आतून म्हणायची, "मामंजी, भरल्या घरात काय बोलता हे." ती खरंच चिडायची.

आमच्याकडे पाणी यायचं दुपारी दोनला, जेमतेम अर्धा तास. सगळी बिल्डिंग त्या पाण्यावर वेळ सांगायची. 'पाणी यायच्या आधी निघाले', 'पाणी गेल्यावर झोपले', असं बोलणं. निर्मळची मावशीसुद्धा पाण्याच्या वेळेआधी आमच्याकडून उठायची. ही मावशी निर्मळ गावातल्या एका ख्रिस्ती घरातली. आठवड्यातून तीनदा टोपलीत केळी, पालेभाजी आणि आजोबांसाठी पूजेची फुलं घेऊन यायची, पायरीवर टेकायची, आईकडून चहा घ्यायची. ईस्टरचा रविवार पौर्णिमेवरून ठरतो असं तिने एकदा सांगितलं, तेव्हा आजोबांना कोण आनंद झाला. "म्हणजे तुमच्याकडेही शेवटी चंद्रच," असं दिवसभर म्हणत होते.

आजोबा गेले ते अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. मी शाळेत होते. संध्याकाळी परतले तर खालच्या मांडवातला लाउडस्पीकर बंद होता. एवढं कळायला पुरेसं होतं. जिन्यात चपला होत्या आणि आमच्या दारातून ओलं येत होतं. स्वयंपाकघरातला ड्रम भरून वाहिला होता आणि ते पाणी कोणी पुसलं नव्हतं. आजोबांना बाहेरच्या खोलीत घेतलं होतं. बाबा अजून पोचायचे होते. धाकटी शेजारी नेऊन ठेवली होती.

मग पलीकडच्या बिल्डिंगमधले गुरुजी आले. गणपतीचे दिवस, सकाळपासून ते वसईच्या बाजूला पूजा सांगत फिरत होते, तिकडूनच आले. बसले, घाम पुसला, पंचांग उघडलं आणि विचारलं, "किती वाजता गेले?"

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "नळाला पाणी आलं तेव्हा."

"म्हणजे दोन," गुरुजी म्हणाले. आई काही बोलली नाही. गुरुजींनी पानावरून बोट फिरवलं आणि सुस्कारा सोडला. "थोडक्यात वाचलात हो. तीनला पंचक लागतंय."

खोलीत बिल्डिंगमधल्या सात-आठ बायका होत्या. एकीनेही मान वर केली नाही. शेजारच्या काकूंच्या साडीचा काठ ओला होता आणि त्या तो मुठीत धरून बसल्या होत्या. मला तेव्हा वाटलं, किती चांगल्या बायका आहेत, किती दुःख झालंय त्यांना.

तेरावा झाला. दुसऱ्याच दिवशी मावशी आली, आणि आईने आमच्या दोघींच्या कपड्यांची पिशवी दारात आणून ठेवली. म्हणे, काही दिवस मावशीकडे निर्मळला राहा. का? तर इथे पाण्याचे फार हाल आहेत. भाद्रपद संपत आलेला, विहिरी तुडुंब, रस्त्यात खड्ड्याखड्ड्यांत पाणी, आणि म्हणे पाण्याचे हाल. मी विचारलं, "किती दिवस?" आई म्हणाली, "बघू." धाकटी रडायला लागली. आई तिच्याजवळ गेली नाही. पदर कमरेला खोचून स्वयंपाकघरात निघून गेली आणि भांडी घासायला घेतली. मावशीने धाकटीला कडेवर घेतलं. एवढी मोठी पोर कडेवर.

मावशीचं घर वाडीत होतं. पुढे अंगण आणि चाफा, बाजूला विहीर, मागे केळी. ती माणसं आपसात त्यांच्या बोलीत बोलायची, ते पहिले पंधरा दिवस आम्हांला ओ की ठो कळलं नाही. आमच्याशी बोलताना मात्र आमच्यासारखं बोलायची. संध्याकाळी सगळे गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायचे, आम्ही मागे मांडी घालून बसायचो. कोणी वाईट वागलं म्हणाल तर नाही. ताटातला पहिला मासळीचा तुकडा आमच्या पानात पडायचा. शाळेला एस.टी.ने जायचो. आणि शाळेत आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी माझ्या वर्गात होती. मी तिला विचारलं, पाणी येतं का गं? ती म्हणाली, "येतं की रोज. का?" मी दप्तर आवरायला लागले. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक गाठ बसली. आजोबा गेले आणि आईला आम्ही नकोशा झालो.

मावशीच्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं. त्यात तिथी नव्हती, नक्षत्र नव्हतं. मला दिवस हरवल्यासारखं व्हायचं. मग मी चंद्र बघून आपली आपण तिथी धरायला लागले, आजोबांनी शिकवल्याप्रमाणे. सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले की वाडीत चिटपाखरू हलायचं नाही. त्याच वेळेला मला आजोबांचं खाकरणं ऐकू यायचं. पान उलटायच्या आधी ते खाकरायचे, तसं. मी धाकटीला हे सांगितलं नव्हतं, देवाशपथ. पण एके दिवशी ती मागच्या दारातून आत आली आणि म्हणाली, "आजोबा केळीत उभे आहेत." मावशी उशीवरून ताडकन उठली. काही विचारलं नाही. देव्हाऱ्यासारख्या त्यांच्या कोनाड्यातून तिने पवित्र पाण्याची बाटली आणली आणि मागच्या उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. तोंडाने काही पुटपुटत होती. नंतर आम्हांला दुपारी वाडीत जायला बंदी झाली.

आई यायची. नाही असं नाही. पण दर वेळी अंगणाबाहेर, कुंपणापलीकडे उभी राहायची. तिथूनच विचारायची, जेवता ना, अभ्यास करता ना. खाऊची पुडी मावशीच्या हातात द्यायची. निर्मळच्या जत्रेला आली तेव्हाही तसंच. सगळीकडे आया पोरांना हाताला धरून फिरवत होत्या आणि आमची आई दहा हात लांबून आमच्याकडे बघत चालत होती. मी मुद्दाम तिच्या दिशेने गेले. ती मागे सरली. मी म्हटलं, "आई, घरी येऊ?" ती म्हणाली, "अजून पाणी नाही गं." माझ्या तोंडावर आलं होतं, खोटं बोलतेस. पण गर्दीत कसं बोलायचं.

त्यानंतर मला ताप आला. साधासुधा नाही, अंथरुणातून उठवेना असा. मावशीच्या नवऱ्याने सायकलवरून डॉक्टर आणला आणि निरोप विरारला पाठवला. दुपारी डोळे उघडले तर खिडकीतून आई दिसली. चाफ्याखाली जमिनीवर बसली होती. मी हाक मारली. तिने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठली नाही. मावशी दारात उभी राहून तिला म्हणाली, "आत ये गो. पोर तापलीय. आई आहेस की कोण?" आईने मान हलवली. मावशी मग तिच्यावर भडकली, त्यांच्या बोलीत काय काय बोलली, आणि शेवटी आत येऊन माझ्या डोक्यावर ओली पट्टी ठेवत स्वतःच रडायला लागली. आई ऊन उतरेपर्यंत चाफ्याखाली बसून होती. एवढं बसायचं तर दहा पावलं आत यायला काय झालं होतं? हा प्रश्न मी पुढची कितीतरी वर्षं उशाशी घेऊन झोपले.

होळीच्या दिवशी ती आम्हांला न्यायला आली. त्या दिवशी कुंपण ओलांडून थेट अंगणात आली आणि दोघींना एकदम कव घातली. आमच्या पाठी, दंड, डोकी चाचपत राहिली. धाकटी तिला बिलगली. मी हात खाली सोडून उभी राहिले.

घरी आलो तर आतल्या खोलीत आजोबांची खाट नव्हती. त्या जागी जमिनीवर आईची वळकटी होती. बाबांची गादी पार बाहेरच्या दाराशी, उंबऱ्याला लागून. "तिकडे वारा येतो," बाबा म्हणाले. बाबांना कोणी काही सांगितलं की ते ऐकायचे, आणि का असं कधी विचारायचे नाहीत. असा माणूस संसाराला सोयीचा असतो की गैरसोयीचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे घर पूर्ववत झालं, म्हणजे दिसायला. पण आईचं एक राहिलं. पाणी भरताना ती नळाकडे पाठ करायची आणि आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड. आतून कोणी हाक मारील आणि ऐकू येणार नाही, असं काहीतरी. दुपारी डोळा लागला तरी तीनला उठून बसायची. नवीन लाइन येऊन दिवसभर पाणी यायला लागलं, ड्रम गेले, तरी तीनला उठायची ती उठायचीच. घरात कोणी शिंकलं तर तिचा चेहरा उतरायचा. मी म्हणायचे, भित्री आहे. तेवढ्यावर सोडून द्यायचे. आतल्या खोलीत एकटीने अभ्यास करताना मात्र मलाही कधी कधी मागे वळून बघावंसं वाटायचं, आणि मी वळून बघायचे नाही.

माझं लग्न झालं, वसईला बिऱ्हाड झालं, मुलगी झाली. ती दोन-अडीच वर्षांची असेल. मला ऑफिसच्या ट्रेनिंगला जायचं होतं म्हणून तिला चार दिवस आईकडे ठेवायला आले. आई मेथी निवडत बसली होती. मुलगी मला सोडेना, तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या लहान पोरीला ठेवून कशी जातेस गं तू." झालं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तू नाही का ठेवलंस आम्हांला? सहा महिने? पाणी येत असताना?"

आईचे हात थांबले. मला वाटलं, आता ती उठून जाईल, नेहमीसारखी. पण ती म्हणाली, "त्या दिवशी दोनला पाणी आलंच नव्हतं."

मला आधी कळेचना ती कुठल्या दिवसाबद्दल बोलतेय. मग तिने सांगितलं. तिच्या नेहमीच्या आवाजात, मेथीची पानं हातात धरून.

"तीन वाजून गेल्यावर आलं पाणी. मी ड्रमला पाइप लावत होते. मामंजींनी हाक मारली. गेले तर घामाने भिजलेले. मी म्हटलं, खालच्या डॉक्टरांना बोलावते. म्हणाले, आधी किती वाजले ते सांग. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, काहीतरी मोजलं. मग हसले गं. म्हणाले, चुकलो. मग माझं मनगट धरलं. म्हणाले, कोणी विचारलं तर सांग, पाणी आलं तेव्हा गेले. खोटं बोलू नकोस. एवढंच सांग. आणि गेले."

पाच मिनिटांसाठी अख्खं बिऱ्हाड जिन्यात बसवणारा माणूस. त्याने मरता मरता एक वाक्य जुळवलं होतं, ज्यात खोटं काही नव्हतं आणि जे ऐकून कोणीही दोनच समजेल. आम्ही घराबाहेर पडू नये म्हणून.

"आणि त्या बायका?" मी विचारलं.

"सगळ्यांना माहीत होतं. सगळ्याच तीननंतर पाणी भरत होत्या. मागच्या बिल्डिंगचं घर सगळ्यांनी बघितलं होतं ना."

"मग झालं की. घर वाचलं. आम्हांला कशाला पाठवलंस?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी काहीच कळत नसलेली पोर असल्यासारखं. "गुरुजींना दोन वाटले. नक्षत्राला कसं वाटेल? बाहुल्या नाहीत, शांत नाही, काही नाही. मी मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आमच्या घरी तुमचं पंचक चालत नाही, भिंतीवर क्रूस आहे, दे पोरी. मी त्या घरातून यायचे, म्हणून आत यायचे नाही. तुम्हांला हात लावायचे नाही. तू तापलीस तेव्हा..." इथे ती थांबली. परत मेथी निवडायला लागली.

मी म्हटलं, "मग तू का राहिलीस? बाबांना घेऊन तूही कुठेतरी जायचंस. तुझ्या भावाकडे जायचंस."

"घर रिकामं दिसलं असतं तर ते तुम्हांला शोधत निघालं असतं," आई म्हणाली. "त्याला कोणीतरी सापडायला हवं होतं."

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. इतका राग आला की मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. हे सगळं खोटं आहे, भ्रम आहे, चंद्र एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ह्यापलीकडे त्यात काही नाही, हे तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. सांगितलंही थोडंसं. ती म्हणाली, "असेल गं." आणि ज्या बाईने सहा महिने त्या खोलीत त्याच जागी अंथरूण टाकून काळाची वाट बघितली तिला मी काय शिकवणार होते? मुलगी माझ्या मागे मागे गॅलरीत आली होती. तिला उचलून घेतलं. त्या ट्रेनिंगला मी गेले नाही.

त्यानंतर आई चार-पाच वर्षं होती. हृदय कमजोर झालं होतं. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून मी मुलीला घेऊन आले होते. आई आतल्या खोलीत पडली होती. मी चहा टाकला, गाळला, घेऊन गेले, तर ती गेली होती. भिंतीकडे तोंड नव्हतं, दाराकडे होतं. मी कप खाली ठेवला आणि तिच्याजवळ बसून राहिले. किती वेळ, माहीत नाही. घड्याळाकडे बघायचं मला सुचलंच नाही.

गुरुजी आता नवे होते, तरुण. मोबाइलवर पंचांग बघायचे. त्यांनी विचारलं, "किती वाजता गेल्या?" बाबा माझ्याकडे बघायला लागले. धाकटी नालासोपाऱ्याहून धावत आली होती, तीही बघायला लागली. मी म्हटलं, "दुपारी. चहा टाकला तेव्हा." गुरुजींनी आपल्या मनाने काही वेळ धरली, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठीक आहे, तसं काही नाही." तसं म्हणजे कसं, आणि कुठल्या वेळेला, हे मी विचारलं नाही. पुढेही कधी बघितलं नाही. माझा विश्वास नाही ह्या गोष्टींवर, मग बघायचं कशाला?

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, बाबांना मी माझ्याकडे नेते, घराला कुलूप लावू, तूही आता वसईला जा. मी म्हटलं, बाबांना ने. आणि मुलीलाही ने चार दिवस. मी इथे थांबते. धाकटी म्हणाली, "एकटी? कशाला?" मी म्हटलं, "आवरायचंय."

बाबांनी पिशवी घेतली. मुलगी चप्पल घालून दारात उभी राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की मी चप्पल घालत नाहीये. "तू नाही येत? मग मी पण थांबणार." तिने माझ्याकडे हात केले. मी उंबऱ्याच्या आत होते, ती बाहेर. मी दोन पावलं मागे सरले. स्वयंपाकघरात मघाशी लावलेली बादली भरत होती, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"इथे नको राहूस, बाळा," मी म्हटलं. "इथे पाणी येत नाहीये."

धाकटीने वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने मुलीला कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर कडेवर, आणि जिना उतरायला लागली.